वाचकांचे प्रश्न : आयटी शाखेचा आकडा दिसला की आधी छेद विचारा

प्रवेशाचे दिवस जवळ आले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आयटी शाखेबद्दलची पत्रं वाढतात. नोकरी किती जणांना लागते, पगार किती, वर्गात कुठली मुलं असतात, शेवटपर्यंत किती टिकतात, असे प्रश्न त्यांत असतात. त्यांतल्या पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

मुलाला सीईटीत बऱ्यापैकी पर्सेंटाइल आहेत. एका कॉलेजच्या फलकावर ‘आयटी : ९५ टक्के प्लेसमेंट, सर्वोच्च पॅकेज १२ लाख’ असं लिहिलंय. आमची केळीची शेती, चार वर्षांचा खर्च करायचा तर भरवसा पाहिजे. हा आकडा खरा धरायचा का?
— एक पालक, चोपडा

आकडा खोटा असेलच असं नाही. पण ९५ टक्के म्हणजे कोणाचे ९५ टक्के, हे फलकावर कधीच नसतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. समजण्यापुरती एक काल्पनिक तुकडी घेऊ.

आयटीच्या मंजूर जागा ६०. पहिल्या वर्षाला ५२ मुलं आली, पुढच्या वर्षी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला ८ आली. झाली ६०. त्यातली ४४ ठरलेल्या मुदतीत पास झाली, बाकीची कुठे केटीत (विषय राहून), कुठे इयर डाउनमध्ये (वर्ष वाया जाऊन) अडकली. कंपन्यांची नेहमीची अट दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के आणि चालू बॅकलॉग (सुटायचा राहिलेला विषय) नको अशी. त्यात बसणाऱ्या ३६ मुलांची नावं प्लेसमेंट सेलने नोंदवली. ३१ जणांना ऑफर आल्या, पैकी पाच जणांना दोन-दोन, म्हणजे ऑफर लेटरं झाली ३६. प्रत्यक्ष कामावर रुजू झाले २७.

आता बघा. ३६ ऑफर भागिले ३६ नोंदणीकृत मुलं म्हणजे ‘१०० टक्के’. ३१ भागिले ३६ म्हणजे ८६ टक्के. ३१ भागिले पास झालेले ४४ म्हणजे ७० टक्के. ३१ भागिले वर्गात आलेले ६० म्हणजे ५२ टक्के. रुजू झालेले २७ भागिले ६० म्हणजे ४५ टक्के. तुकडी एकच आहे, मुलं तीच आहेत आणि कोणी खोटंही बोललेलं नाही. तुमचा मुलगा त्या ६० जणांत बसणार आहे, ३६ मध्ये पोचेल की नाही ते आज कोणालाच माहीत नाही. म्हणून तुमच्या कामाचा छेद, म्हणजे ज्याने भागायचं तो आकडा, ६० आहे.

हे आकडे मिळवायला तीन कागद आहेत. पहिला एनआयआरएफचा. केंद्र सरकारच्या या मानांकनात भाग घेणाऱ्या कॉलेजला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यातल्या पदवीच्या तक्त्यात पहिल्या वर्षाची मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश, किमान मुदतीत पदवी मिळवलेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार (चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा) आणि पुढच्या शिक्षणाला गेलेले असे रकाने ओळीने असतात. वरचा सगळा हिशेब त्यावरून करता येतो. एकच अडचण आहे. हे आकडे चार वर्षांच्या सगळ्या शाखांचे मिळून असतात. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर, आयटी सगळं एकत्र.

फक्त आयटीचं पाहिजे असेल तर दुसरा कागद, एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या मूल्यांकनासाठी शाखेने तयार केलेला स्वयंमूल्यांकन अहवाल. नॅक या दुसऱ्या संस्थेचं मूल्यांकन संपूर्ण कॉलेजचं होतं, एनबीए शाखेनिहाय. त्यामुळे ‘आमचं कॉलेज एनबीए मान्यताप्राप्त’ एवढ्यावर थांबू नका. मान्यतेच्या पत्रात आयटीचं नाव आहे का आणि मुदत कधी संपते, ते बघा. त्या अहवालात विद्यार्थ्यांच्या कामगिरीचं एक स्वतंत्र प्रकरण असतं. बॅकलॉगशिवाय पास झालेले किती, मुदतीत पास झालेले किती, हे त्यात वेगवेगळं येतं. प्लेसमेंटचं सूत्रही छेदासकट असतं : नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि स्वतःचा उद्योग काढलेले यांची बेरीज, भागिले शेवटच्या वर्षातले एकूण विद्यार्थी. म्हणजे एमटेकला किंवा एमबीएला गेलेला मुलगाही इथे ‘यशस्वी’ धरतात. ते बरोबरच आहे, फक्त ती बेरीज नोकऱ्यांची समजू नका.

तिसरा कागद एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमानुसारचं अनिवार्य प्रकटन. त्यात मागच्या तीन वर्षांच्या प्लेसमेंटचे किमान, कमाल आणि सरासरी पगार द्यायचे असतात. फलकावर कमाल येतो, तुम्ही किमान बघा. सरासरीवरही फार विसंबू नका. दहा मुलांपैकी नऊ जणांना ३.२ लाख आणि एकाला १२ लाख मिळाले तर सरासरी येते ४.०८ लाख. त्या दहांत ४ लाखांचा पगार एकालाही नाही. मध्यक काढला तर ३.२ लाख येतो, आणि तोच खरा.

तीन वर्षांचे आकडे वेगवेगळे वाचा. २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी फ्रेशर भरभरून घेतले, २०२३-२४ मध्ये हात आखडला. दोन्ही वर्षं एकत्र करून काढलेला टक्का कुठल्याच वर्षाचा नसतो.

कॉलेजात गेलात तर टीपीओंना (प्लेसमेंट अधिकाऱ्यांना) मागच्या एका तुकडीची यादी दाखवायला सांगा. नावं झाकलेली चालतील, पण कंपनी, पद आणि रुजू तारीख दिसली पाहिजे. रुजू तारखेचा रकानाच नसेल तर ती ऑफरांची यादी आहे. पदाच्या जागी कोर्स विकण्याचं किंवा कॉल घेण्याचं काम असेल तर नोकरी आहे, पण ती आयटीच्या पदवीमुळे लागलेली नाही. टाळाटाळ झाली तर पदवी कोणत्या विद्यापीठाची ते बघा आणि तिथे माहिती अधिकारात शाखेनिहाय निकाल मागा. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. खासगी कॉलेज टोलवाटोलवी करू शकतं, विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरण आहे.

मी आदिवासी समाजातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स. आयटीला नंबर लागू शकतो. तिथे माझ्यासारख्या मुली किती असतात आणि त्या टिकतात का, हे कुठे कळेल?
— बारावीची विद्यार्थिनी, तळोदा

किती असतात, हे आधी हिशेबाने बघ. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ६९ टक्के, धुळ्यात ३२, जळगावात १४. पण प्रवेशातलं आरक्षण राज्यभर सारखं, ७ टक्के. म्हणजे ६० च्या वर्गात चार जागा. त्यात मुलींसाठी ३० टक्के धरले तर एखादी. तुझ्या जिल्ह्यात दहातली सात घरं आपली, आणि वर्गात साठात चार जण. पहिल्या दिवशी एकटं वाटलं तर ते या गणितामुळे वाटेल, तू तिथे चुकून आली आहेस म्हणून नव्हे.

सीईटी सेलच्या कटऑफ यादीत सांकेतिक अक्षरं असतात. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा, मधली अक्षरं प्रवर्गाची, शेवटचा एच म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातली, ओ म्हणजे बाहेरच्यांची, एस म्हणजे राज्यस्तरावरची. तुझ्यासाठी ‘एलएसटी’ आणि ‘जीएसटी’ दोन्हींचे आकडे बघ आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे बघ. खुल्या जागेच्या आकड्यावरही नजर टाक, गुण असतील तर तिथूनही जागा मिळते.

टिकतात का, हे छापील कागदात सहज सापडत नाही. एनआयआरएफच्या तक्त्यात मुली वेगळ्या मोजतात, पण सामाजिक प्रवर्गाच्या रकान्यात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी एकत्र असतात, त्यात तू दिसत नाहीस. प्रवर्ग आणि मुलगा-मुलगी अशी फोड कॉलेज दरवर्षी ‘आयशे’ या उच्च शिक्षण सर्वेक्षणात भरतं. प्रवेशाच्या वेळी एवढंच विचार : आयटीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात आज एसटीच्या मुली किती? उत्तर ३, ३, २, ३ असेल तर ठीक. ४, २, १, ० असेल तर तिथे काहीतरी गळतंय. मग त्या मुलींपैकी एकीला गाठून बोल, माहितीपुस्तकापेक्षा ती जास्त सांगेल.

कागदांचं आत्तापासून बघ. जमातीचा दाखला पुरत नाही, तो पडताळल्याचं वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो. प्रवेश कॅप फेरीतूनच (सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशफेरीतूनच) घे, कारण शुल्काच्या सवलती त्यावर अवलंबून असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. दुसऱ्या वर्षी अर्ज विसरल्यामुळे फी अंगावर आलेल्या मुली दर वर्षी भेटतात. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्जही वेळेत टाक. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेत राहण्या-जेवणासाठी रक्कम थेट खात्यात येते.

पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण आधार. रक्कम तू अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. आश्रमशाळेत असताना उघडलेलं जुनं खातं बंद पडलं असेल आणि आधार अजून तिथेच जोडलेलं असेल, तर मंजूर झालेले पैसे परत जातात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार जोडणी’ याच शब्दांत विचार. केवायसी झालं म्हणजे ते झालं असं नसतं.

अभ्यासाचं एकच सांगतो. कसोटी पहिल्या सत्राची असते : गणित, सी प्रोग्रॅमिंग आणि सगळं इंग्रजीतून. वर्ग सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत सीमधले लूप आणि अ‍ॅरे एवढं स्वतः टाइप करून चालवून बघितलंस, तर ऑगस्टमध्ये वर्गात काय चाललंय ते कळेल. वही-पेनाने पाठ केलेला प्रोग्रॅम प्रॅक्टिकलला चालत नाही, अर्धविराम राहिला की अडतो.

आयटी विभागात माजी विद्यार्थ्यांची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आहे. ऑनलाइन फॉर्म पाठवला तर निम्मे भरतात. वरून ‘टक्का चांगला दिसू द्या’ असा आग्रह. नोंद नीट कशी ठेवावी?
— एक सहायक प्राध्यापक, धुळे

निम्मे भरतात, यातच पहिली चूक दडलेली आहे. ४४ पास झाले, २५ जणांनी फॉर्म भरला, त्यातल्या २२ जणांना नोकरी. टक्का लिहिला जातो ८८. पण ज्याला नोकरी लागते तो उत्साहाने भरतो, ज्याला नाही तो लिंक उघडतच नाही. उरलेल्या १९ जणांचं काहीच कळलेलं नसेल तर खरा आकडा २२ भागिले ४४ म्हणजे ५० टक्के आणि ४१ भागिले ४४ म्हणजे ९३ टक्के यांच्यामध्ये कुठेतरी आहे. म्हणून ‘संपर्क नाही’ हा रकाना वेगळा ठेवा. त्यांना बेकार धरू नका आणि छेदातून काढूनही टाकू नका. आग्रह करणाऱ्यांना हा रकाना दाखवा. तपासणी समितीने दहा नावांवर फोन लावायचा म्हटलं तर तोच तुम्हाला वाचवतो.

एक्सेलची ओळ मुलाच्या नावाने सुरू करू नका, पीआरएन या विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकाने करा. लग्नानंतर मुलींची नावं, आडनावं, गाव, मोबाइल सगळं बदलतं आणि यादीत एकच मुलगी दोनदा येते किंवा हरवते. पुढचे रकाने असे : मुलगा की मुलगी, घरचा तालुका, दहावीचं माध्यम, बारावीतून आला की डिप्लोमातून, घरातला पहिला पदवीधर आहे का, फीची कोणती योजना. प्रवर्गाचे रकाने दोन लागतात. एक विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रवर्ग, दुसरा त्याला मिळालेल्या जागेचा. ओबीसी मुलगी खुल्या जागेवर आली असेल तर जागेवरून मोजल्यास ती ओबीसीत दिसणार नाही. प्रवेश विभागाची यादी बहुतेक वेळा जागेची असते आणि सर्वेक्षणाला माहिती विद्यार्थ्याची लागते. दोन्ही अहवालांत आकडे जुळत नाहीत, त्याचं मूळ इथे असतं.

निष्पत्तीची नोंद एकदा करून भागत नाही. निकालाच्या दिवशी, सहा महिन्यांनी आणि दीड वर्षाने, अशी तीनदा करा. कंपनी, पद, काम तांत्रिक आहे का, कॅम्पसमधून की बाहेरून, रुजू तारीख. ऑफर लेटर हा रुजू झाल्याचा पुरावा नाही. रक्कम झाकलेली पगारपावती किंवा ओळखपत्र पुरे.

संपर्काचं. कॉलेजने दिलेला ईमेल पदवीनंतर बंद होतो, म्हणून फॉर्मवर खासगी ईमेल घ्या. दाखला न्यायला मूल येतं तेव्हाच तीन मोबाइल क्रमांक लिहून घ्या : स्वतःचा, घरचा, आणि वर्गातल्या एका मित्राचा. पुण्याला गेल्यावर पहिला क्रमांक बदलतो, घरचा बदलत नाही. मात्र घरी फोन केलात तर आई सांगेल, ‘पोऱ्या पुनाले शे’, म्हणजे मुलगा पुण्याला आहे. ते ‘पुण्यात नोकरी’ म्हणून नोंदवू नका. टेस्टिंगचा किंवा जावाचा सहा महिन्यांचा क्लास लावून खोलीत राहणारी आपली मुलं पुण्यात खूप आहेत, तीही पुण्यालाच असतात. मुलाशी स्वतः बोला. फोनमोहीम दिवाळीत घ्या, तेव्हा मुलं घरी असतात. मुलींसाठी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया बघा. लग्न होऊन गेलेली मुलगी त्या आठवड्यात माहेरी सापडते, आणि तिने नोकरी का सोडली किंवा घेतलीच का नाही हे मोकळेपणाने सांगते. ते उत्तर ‘उपलब्ध नाही’च्या ढिगात टाकू नका.

मग एक साधा तक्ता करा. आडवे टप्पे : प्रवेश, दुसऱ्या वर्षात पोचले, मुदतीत पास, प्लेसमेंटला पात्र, ऑफर, रुजू. उभे गट : मुलगे, मुली, डिप्लोमावाले, मराठी माध्यमवाले. प्रत्येक गट कुठल्या टप्प्यावर गळतो ते एका नजरेत दिसतं. दुसऱ्या वर्षात पोचतानाच गळती असेल तर पहिल्या सत्राच्या गणिताला जादा तास लागतात. पात्रतेवर असेल तर दहावीच्या ५८ टक्क्यांमुळे कायमची अडलेली मुलं शोधून त्यांच्यासाठी ती अट नसलेल्या कंपन्या आणाव्या लागतात. ऑफर ते रुजू यात असेल तर कंपन्याच तारीख पुढे ढकलत आहेत, तिथे टीपीओंनी पत्रव्यवहार करायचा. तिन्ही आजारांवर एकच ‘सॉफ्ट स्किल कार्यशाळा’ घेतली जाते, म्हणून आकडे हलत नाहीत.

दोन खबरदाऱ्या. वर्गात एसटीच्या मुली दोनच असतील तर ‘५० टक्के यश’ असं छापू नका. ती टक्केवारी निरर्थक आहे, आणि कोणाला नोकरी लागली नाही हे सगळ्या कॉलेजला कळतं. तीन वर्षांचे आकडे एकत्र करून संख्येत द्या. आणि मानांकनातल्या विविधतेच्या निकषात परराज्यातले विद्यार्थी नसल्याने गुण गेले तर ते मनाला लावून घेऊ नका. शिरपूर, साक्री, नवापूरची मुलं शिकवणं हेच खानदेशातल्या कॉलेजचं काम आहे.

कॅम्पसमधून ३.३६ लाखांची ऑफर आहे. महिन्याला २८ हजार हातात येतील ना? दोन वर्षांचा बाँडही आहे.
— आयटी, शेवटचं वर्ष, जळगाव

नाही येणार. ३,३६,००० हा कंपनीला पडणारा खर्च आहे. नमुना हिशेब : मूळ वेतन महिना १४,००० धरलं तर कंपनीचा पीएफ हिस्सा १२ टक्के म्हणजे १,६८० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे ६७३ हे त्यातच धरलेले असतात. वर्षाचे २४,००० ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीनुसार मिळणारे, असतील तर महिन्याचे २,००० कमी. उरले २३,६४७. त्यातून तुझा पीएफ १,६८० आणि व्यवसाय कर २०० गेला की २१,७६७. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० असतो. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात तो लागत नाही. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर पगाराची फोड असते, तिथे ‘व्हेरिएबल’ आणि ‘जॉइनिंग बोनस’ शोध आणि हाच हिशेब कर.

बाँडमध्ये, म्हणजे ठरलेली वर्षं नोकरी न सोडण्याच्या करारात, तीन गोष्टी वाच : रक्कम किती, ती काळानुसार घटते का, आणि प्रशिक्षणात नापास करून कंपनीनेच काढलं तर काय. मूळ गुणपत्रिका किंवा कोरे चेक मागणाऱ्या कंपनीला नकार दे. नोकरीआधी प्रशिक्षणाचे पैसे मागणारी तर कंपनीच नव्हे.

पॉलिटेक्निकमधून आयटी डिप्लोमा केला. थेट दुसऱ्या वर्षाला गेलो तर मागे पडेन का? की बीसीए बरं?
— एक विद्यार्थी, अमळनेर

डिप्लोमा हातात असताना बीसीएला पहिल्यापासून बसू नकोस. अभियांत्रिकीत तीन वर्षांत पदवी होते, आणि कंपन्यांच्या अटीत ‘बारावी किंवा डिप्लोमा’ असंच लिहिलेलं असतं. बीसीएही २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलं आहे आणि त्यालाही सीईटी द्यावी लागते, त्यामुळे ती सोपी पळवाट राहिलेली नाही.

प्रोग्रॅमिंगमध्ये आणि प्रॅक्टिकलमध्ये डिप्लोमाची मुलं बारावीवाल्यांच्या पुढे असतात. अडतात ती गणितात. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशफेऱ्या उशिरा संपतात आणि तुम्ही वर्गात पोचता तेव्हा तिसरं सत्र सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात. पहिल्या वर्षाची दोन्ही गणितं तुम्ही शिकलेली नसता, आणि शिक्षक ती येतात असं धरून पुढे निघालेले असतात. डिप्लोमाचा निकाल लागल्यापासून प्रवेश पक्का होईपर्यंत जो मोकळा काळ मिळतो त्यात मॅट्रिक्स, आंशिक विकलन (पार्शियल डिफरन्शिएशन) आणि साधी अवकल समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन) एवढे तीन भाग पहिल्या वर्षाच्या पुस्तकातून सोडवून टाक. त्यासाठी अमळनेरातच, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या मुलाकडून जुनं पुस्तक आणि त्याच्या वह्या आजच मागून घे.